दीपमाळेची उंची

बाळापूर, मंगळवार, १ डिसेंबर १९३६

निवड परीक्षेची तारीख ठरली. शनिवार, १९ डिसेंबर, अमरावती. डेप्युटी इन्स्पेक्टर केशवराव आज स्वतः शाळेत येऊन सांगून गेले, तेव्हा आता बदल व्हायचा नाही. चौथीतल्या ज्या मुली निवडल्या जातील त्यांना जूनपासून अमरावतीच्या मुलींच्या हायस्कुलात जागा आणि तिथल्या वसतिगृहात राहायची सोय. परीक्षा झाली की नाताळची सुट्टी.

आमच्याकडे मुलींची शाळा चौथीला संपते. पुढे घर.

केशवराव निघताना म्हणाले, "चारुशीलाबाई, बाळापूरहून आजवर एकही मुलगी गेलेली नाही बरं का."

"यंदा जाईल," मी म्हटलं.

ते हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी मला लागलं.

तिघींना निवडलं. वामनराव वकिलांची तारा, देवीच्या पुजाऱ्यांची नात अनसूया, आणि महादेवरावांची शकुन. महादेवराव म्हणजे नदीपलीकडच्या मळ्याचे. शाळा सुटल्यावर तिघींचा वेगळा वर्ग घ्यायचा.

गुरुवार, ३ डिसेंबर

कापसाची वेचणी जोरात आहे. वर्ग अर्धा रिकामा, आणि ज्या येतात त्याही पेंगतात. या तिघी मात्र वेगळ्याच त्रासाच्या. पुस्तकातली गणितं मी फळ्यावर लिहून होईपर्यंत यांची सोडवून तयार. मग एकमेकींच्या वेण्या ओढतात.

म्हणून आज त्यांना किल्ल्याखालच्या देवीच्या देवळाकडे नेलं. देवळापुढे दीपमाळ आहे. म्हटलं, वर न चढता हिची उंची सांगा. हातभर काठी जमिनीत रोवली, तिची सावली मोजली. मग दीपमाळेची सावली मोजली. काठीच्या हिशेबाने दीपमाळ. ताराने उत्तर काढलंसुद्धा.

शकुन काही बोलेना. खाली बसून पायाने माती उकरत राहिली.

"हिला विचारू नका बाई," तारा म्हणाली. "ही आता 'काहून' म्हणून कारण विचारत बसेल आणि अंधार पडेल."

"तुले समजत नाई म्हणून तुले राग येते," शकुन म्हणाली.

"तुम्ही दोघी भांडा," अनसूया म्हणाली, "मी तेवढ्यात प्रसादाचं खोबरं संपवते."

मी शकुनला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, "बाई, वरच्या दिव्याची जागा तर मधात हाय. आपण सावली काठापासून मोजून राहिलो."

मी पाहतच राहिले. दीपमाळ खाली रुंद आणि वर निमुळती. टोकाची सावली मोजायची तर पोटातल्या मध्यापासून मोजायला हवी. गेली चार वर्षं मी हे गणित मुलींना चुकीचं शिकवत आले आहे.

"आतलं कसं मोजशील मग?"

तिने दोरीने बुंध्याला वेढा घातला, दोरीच्या तीन घड्या केल्या, त्यातली एक घेऊन तिची पुन्हा अर्धी केली. "हे सावलीत मिळवा," म्हणाली.

"मग आधी का नाही बोललीस?"

"घरी माय म्हणते, पोरीच्या जातीनं आधी उत्तर देऊ नये."

मी तिघींना समोर उभं करून सांगितलं. या वर्गाचा एकच नियम. उत्तर येत असेल तर दडवायचं नाही. समोर कोणी का असेना.

शनिवार, ५ डिसेंबर

आशाबाई रोज सकाळी गल्लोगल्ली फिरून मुलींना घरून शाळेत घेऊन येते. कोणाच्या घरी काय चाललं आहे ते सगळं तिला ठाऊक असतं. आज म्हणाली, मंगळवारी अकोल्याहून उत्तमराव आणि त्यांची मंडळी पार्वताबाई देवीच्या दर्शनाला येणार आहेत.

"मोठे लोक हायेत बाई. तुमच्या पोट्ट्या दीपमाळ मोजतात म्हणे, ते त्यायले पाहाचं हाय. माह्या लांबच्या नात्यातले होत."

असे लोक शाळेला हवेच आहेत. उद्या अमरावतीला कोणी चार शब्द चांगले बोललं तर उपयोगच होईल. मंगळवारचा वर्ग देवळापुढेच घेईन. आशाबाईने सुचवलं की शकुनलाच पुढे करावं, आणि तिला धुतलेलं परकर-पोलकं घालून आणावं. सूचना रास्त आहे. हुशारी असली तरी मुलगी नीटनेटकी हवीच.

मंगळवार, ८ डिसेंबर

आजच्या इतकं समाधान या नोकरीत क्वचित मिळालं असेल.

उत्तमराव फेटा बांधलेले, मितभाषी गृहस्थ. पार्वताबाई पन्नाशीकडच्या, ठसठशीत. मी समजत होते त्याहून दोघांना शिक्षणाची फार आस्था. पार्वताबाईंनी तर शकुनची अगदी कसून पाहणी केली. तिला दीपमाळेपर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. विहिरीवरून पाणी आणायला सांगितलं. लांबच्या पाटीवरचं वाचायला लावलं. मला वाटतं, मुलींची दृष्टी शाळेत बिघडते असा लोकांचा समज असतो, तो त्यांनी स्वतः तपासून पाहिला. गाणं येतं का हेही विचारलं. परीक्षेत गाणं नाही, पण मी शकुनला एक कविता म्हणायला लावली.

शकुन काठी हातात घेऊन थांबली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली. मग ती अशी काही बोलली! काठी, सावली, दोरी, मध्य, सगळं सांगितलं. उत्तमराव म्हणाले, "अन् दिवस ढगाळ असला त?" शकुन म्हणाली, "मंग उद्या मोजाचं. दीपमाळ कुठी जाते?" देवळातले लोकसुद्धा हसले.

पार्वताबाईंनी तिच्याकडून पाटीवर 'पार्वता' हे आपलं नाव लिहून घेतलं. अक्षर बघायचं असावं. अक्षरांवरून बोट फिरवत, "हे 'पा' होय का वो? अन् हे?" असं प्रत्येक अक्षराचं विचारलं. पाटी पुसायला घेतली तर म्हणाल्या, "राहू दे ना." शेवटी पाटी बरोबर घेऊन गेल्या. शाळेची पाटी होती, पण अशा कामासाठी गेली तर हरकत नाही.

जाताना शकुनला कुंकू लावलं आणि हातावर पेढा ठेवला. तिलाच दिला. तारा रुसली. "मी पण उत्तर सांगितलं होतं," म्हणाली. मी तिला समजावलं, की पाहुण्यांना शेतकरी घरातली मुलगी पुढे येते याचं विशेष कौतुक वाटलं असणार.

बुधवार, ९ डिसेंबर

अपूर्णांक. अनसूयाचे पुन्हा चुकले. शकुन आज एकदाही 'काहून' म्हणाली नाही. थकली असेल.

शुक्रवार, ११ डिसेंबर

दोन दिवस शकुन नाही. आशाबाई म्हणाली, "तिच्या घरची गडबड हाय." कसली ते सांगेना. शाळा सुटल्यावर मळ्यात गेले.

महादेवराव ओट्यावर बसले होते. मला बाज टाकून दिली. चहा आला. सुभद्राबाई, शकुनची आई, दाराआड उभ्या राहिल्या. महादेवराव फार खुशीत होते.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडावं? तुमच्यामुळं एवढं मोठं घर भेटलं पोरीले."

"कोणतं घर?"

"अकोल्याचं. उत्तमरावचं. त्यायचा उद्धव मॅट्रिकले हाय. नाताळात साक्षगंध. लगन चौदावं लागल्यावर करू, आता घाई नाई."

माझा चहा तसाच राहिला. साक्षगंध म्हणजे सोयरीक पक्की. मंगळवारचं एकेक डोळ्यांपुढे येऊ लागलं. चालून दाखव. पाणी आण. ते वाच. गाणं म्हण. कुंकू. पेढा. मुलगी पाहायला आलेल्या लोकांपुढे मी मुलगी सजवून उभी केली होती, आणि कविता म्हणायला लावली होती!

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

"आता काहाची परीक्षा, बाई? परीक्षा झाली ना!" महादेवराव मोठ्याने हसले. मग माझा चेहरा पाहून थांबले. "नाराज नोका होऊ. सोयरीक झालेली पोरगी वसतिगृहात ठेवली, कोण्या हातचं खाल्लं, का प्यायलं, तर उद्या सोयरे मोडतीन. मंग तिचं काय कराव? तुमीच सांगा."

मी उठले.

शकुन मला फाटकापर्यंत पोचवायला आली. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं, ते कशाला आले होते ते."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "पाणी आणाले लावलं तवाच समजलं."

"मग गप्प का नाही राहिलीस? चुकीचं सांगितलं असतंस तर गेले असते ते."

ती माझ्याकडे असं पाहू लागली, जसं चुकलेल्या गणिताकडे पाहते. "येत असूनशान चुकीचं कसं सांगू? तुमीच म्हणता, समोर कोणी का असंना."

शनिवार, १२ डिसेंबर

आशाबाईला फैलावर घेतलं. ती मुळीच डगमगली नाही. "मी का वाईट केलं वो? तुमी तिले शिकोलं, मी तिचं घर पाह्यलं. तुमाले सांगतलं असतं तर तुमी दाखोली असती का?"

नसती दाखवली.

दिवसभर विचार केला. वाईट घर नाही. माणसं वाईट वाटली नाहीत. शकुन सुखात राहील असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. मग मी कशासाठी तडफडते आहे? केशवरावांच्या हसण्यासाठी? थोडं तसंही असेल. पण ती दोरीच्या घड्या घालत होती तो हात मला विसरता येत नाही.

महादेवराव सोयऱ्यांना भितात. तेव्हा सोयऱ्यांकडेच जायला हवं. उद्या रविवार आहे.

रविवार, १३ डिसेंबर, रात्री

अकोल्याला जाऊन आले. आशाबाईला बरोबर येणं भाग पाडलं. सर्व्हिस मोटारीत कापसाचे व्यापारी आणि आम्ही दोघी. ती वाटभर म्हणत होती, "पोरीची मास्तरीण सोयऱ्याच्या घरी जाते, असं कोणी आयकलं नाई बाप्पा."

पार्वताबाईंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने 'पार्वता' असं वेडंवाकडं पुष्कळदा लिहिलेलं होतं, 'पा' उलटा, रफार तिसरीकडेच. घरात लहान मूल दिसलं नाही. शेजारचं कोणी येत असेल. शाळेची पाटी कोनाड्यात देवांच्या शेजारी होती आणि तिच्यावरचं शकुनचं अक्षर अजून तसंच. मला पाहून पार्वताबाईंनी भिंतीकडे पाठ केली.

मी आडपडदा न ठेवता बोलले. शकुनला परीक्षेला बसू द्या. निवडली गेली तर लग्नापर्यंत शिकू द्या.

उत्तमराव दारात उभे होते. "लोक का म्हणतीन? सोयरीक केली अन् सून धाडली अमरावतीले."

पार्वताबाई म्हणाल्या, "लोकाईनं कधी दीपमाळ मोजली का?"

"तू काहीबी बोलतं."

"मी बराबर बोलतो. तीन वर्सं पोरगी घरी बसली तर शेण थापाले शिकंन, अन् हे सारं विसरंन. मले विसरलेली सून नाई पायजे." मग माझ्याकडे वळून, "तथी खायाले काय देतात? पाणी कोण भरते? पोट्ट्या झोपतात कुठी?"

मी सांगत गेले. आमच्या दादांचं घर तिथून जवळ आहे, वहिनी लक्ष ठेवतील, हेही सांगितलं. मग त्यांनी जरा विचित्रच प्रश्न विचारला.

"तथी मोठ्या बायाईले बी शिकोतात का?"

"नाही, फक्त मुली," मी म्हटलं. "तुम्ही निश्चिंत असा. बाहेरच्या बाया तिथे येत नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मी नको ते काही बोलले की काय, अशी भीती वाटली.

"परीक्षा देऊ द्या," मग त्या म्हणाल्या. "वसतिगृह मी सोता येऊन पाहीन. पसंत पडलं तर ठेवू, नाई तर नाई. अन् एक. सुट्टीत पोरगी बाळापूरले आली का मी तिच्यापाशी येऊन बसत जाईन. दुपारचं. हे महादेवरावले सांगजा."

साक्षगंध झालेल्या मुलीजवळ सासू येऊन बसते, असं ऐकलेलं नाही. सुनेवर नजर ठेवायची असेल. असो. अट जाचक नाही. मी कबूल केली.

मंगळवार, १५ डिसेंबर

शकुन आली! महादेवराव स्वतः घेऊन आले. "सोयरेच म्हणतात तर मी कोण?" म्हणाले. साक्षगंध नाताळातच आहे. ते मी मोडू शकत नाही, आणि ते मोडायला मी निघालेही नव्हते.

ताराने विचारलं, "शकुन, तुझा नवरा तुझ्याहून हुशार आहे का गं?"

"माहीत नाई. त्याले अजून काही विचारलं नाई मी."

चार दिवस गेले ते भरून काढायचे आहेत. अपूर्णांक, नकाशा, निबंध. तिघींना घरी पाठवलं तेव्हा घसा बसला होता.

गुरुवार, १७ डिसेंबर

सगळी तयारी झाली. उद्या पहाटे बैलांच्या दमणीने पारस स्टेशन, तिथून रेल्वे. पार्वताबाई अकोल्याला आमच्या डब्यात चढतील. बडनेऱ्याला गाडी बदलायची. रात्री मुक्काम कमलाकांतदादांकडे. शनिवारी सकाळी परीक्षा आणि दुपारी पार्वताबाई वसतिगृह पाहतील.

पाहणी कशी करतात ते आता मला चांगलं समजलं आहे. वसतिगृहाच्या बाईंना मी सोमवारीच पत्र टाकलं. अंगण सारवून घ्या, पाण्याची भांडी घासूनपुसून झाकून ठेवा, स्वयंपाकाच्या बाईंना स्वच्छ लुगडं नेसायला सांगा, आणि एखादी चुणचुणीत मुलगी दाराशी वाचत बसलेली असू द्या. बाजू दाखवायची तर नीट दाखवावी.

शकुन निवडली जाईल का? कालच्या सरावात तिचं सगळं बरोबर आलं. ताराचं एक चुकलं. अनसूयाला भूगोल अजून जड जातो, पण ती घाबरत नाही, म्हणते, "बाई, अमरावती स्वतः पाहून येते ना, मग नकाशा कशाला?" निकाल जानेवारीत लागेल. पण त्याआधी पार्वताबाईंचा निकाल आहे, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. एखादी घागर उघडी दिसली की संपलं.

आताच आशाबाई सांगून गेली. पार्वताबाईंनी अकोल्याच्या बाजारातून नवी पाटी आणि पेन्सिल घेतली आहे आणि ती गाडीत बरोबर आणणार आहेत. शकुनसाठी असणार. परीक्षा कागदावर आहे, पाटी लागायची नाही, हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. उगीच ओझं. म्हटलं, आशाबाई, पाटी नको म्हणून आजच कोणाबरोबर निरोप जातो का बघ.

शकुन इथेच आहे. आज ती माझ्याकडे झोपणार. ती अंथरूण घालता घालता थांबली.

"निरोप नोका धाडू, बाई. आणू द्या."

"का गं? तुला लागणार आहे का पाटी?"

"मले नाई."

"मग?"

ती नुसती हसली आणि चादर ओढून घेतली. पुन्हा विचारलं तरी बोलेना. उत्तर येत असून दडवायची तिची जुनी खोड परत आली म्हणायची. उद्या अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत गाडीत पुष्कळ वेळ मिळेल. पाटी असेलच, तर तिघींची उजळणी तिच्यावर घेईन, आणि ही खोडही मोडून काढीन. शकुन म्हणते, ती पार्वताबाईंच्या शेजारी बसणार आहे.